विलिसचं वर्तुळ आणि त्यापलीकडचे बोळ

१६६४ साली ‘सेरेब्री ॲनाटोमे’ हे मेंदूच्या रचनेवरचं लॅटिन पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झालं. लेखक टॉमस विलिस, ऑक्सफर्डचा नावाजलेला डॉक्टर. त्यात त्याने एका माणसाची हकिकत नोंदवली आहे. पोटात मोठी गाठ होऊन तो माणूस गेला. शवविच्छेदनात डोकं उघडलं, तर मेंदूला रक्त पुरवणारी उजवीकडची मुख्य धमनी आतून पार बुजलेली. भिंत दगडासारखी टणक, रक्ताला जायला वाटच नाही. अशा माणसाला केव्हाच अर्धांगवायूचा झटका यायला हवा होता. पण अखेरपर्यंत त्याची बुद्धी शाबूत होती. विलिसने आणखी शोध घेतला, तेव्हा कोडं उलगडलं. मानेच्या मणक्यांतून वर चढणारी त्याच बाजूची दुसरी धमनी दुसऱ्या बाजूच्या धमनीपेक्षा तिप्पट जाड झाली होती. बंद पडलेल्या धमनीचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

हे घडू शकलं याचं कारण मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं एक कडं. आज जगभरचे डॉक्टर त्याला ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात. त्याचे तुकडे आधीच्या शरीरशास्त्रज्ञांनीही पाहिले होते, चितारलेही होते. पण ते कशासाठी असावं हे विलिसने सांगितलं, म्हणून नाव त्याचं चिकटलं. एकटा तोही नव्हता. चिरफाडीत हात होता रिचर्ड लोअरचा, आणि बरीचशी चित्रं काढली ख्रिस्टोफर रेनने. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल पुढे ज्याने उभारलं तोच हा रेन! या मंडळींनी एका बाजूच्या धमनीत पिचकारीने रंगीत द्रव सोडून पाहिला आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर येताना पाहिला. म्हणजे डाव्या-उजव्या बाजू आतून जोडलेल्या होत्या.

मेंदूकडे चार धमन्या जातात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट टेकवलं की ठोका लागतो, त्या कॅरोटिड. प्रत्येक कॅरोटिड जबड्याखाली दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, दुसरा कवटीत शिरतो. उरलेल्या दोन म्हणजे व्हर्टिब्रल. त्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात आणि मेंदूच्या देठापाशी एकत्र येऊन त्यांची एकच बेसिलर धमनी होते. मेंदूच्या बुडाशी या पुढच्या आणि मागच्या प्रवाहांना बारीक जोडधमन्या सांधतात आणि कडं पुरं होतं.

शहराभोवतीच्या वळणरस्त्यासारखं हे काम आहे. एका नाक्यावर वाहतूक तुंबली तर गाड्या दुसऱ्या बाजूने फिरून येतात. मात्र वळणरस्त्यावरून आत शिरलं की गल्ल्या अरुंद होत जातात, आणि अगदी आतले बोळ पुढे कुठेच निघत नाहीत. बोळाच्या तोंडाशी अडथळा आला की आतल्या घरांचा संपर्क तुटला. मेंदूच्या पृष्ठभागावर शेजारच्या धमन्यांच्या टोकांमध्ये काही बारीक दुवे असतात, पण कुणात भरपूर, कुणात जेमतेम. खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म धमन्यांना तर तेवढाही शेजार नाही. शिवाय कडं सगळ्यांचं अखंड असतं असंही नाही. निम्म्याहून जास्त माणसांत त्याचा एखादा दुवा बारीक तरी असतो किंवा नसतोच. पाठ्यपुस्तकातलं ते देखणं वर्तुळ प्रत्यक्षात अल्पसंख्याकांच्या वाट्याला आलेलं आहे. तीच धमनी, त्याच जागी बंद होऊन एकाचा हात फक्त बधिर होतो आणि दुसरा कायमचा अंथरुणाला खिळतो, त्यातला मोठा फरक या आडवाटांचा असतो.

एवढी तजवीज लागते, कारण मेंदूची भूक अवाढव्य आहे. वजन जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्यातून फिरतं. स्नायू किंवा यकृताजवळ साखरेचा साठा असतो. मेंदूजवळ तो नावापुरता. संपूर्ण रक्तप्रवाह थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमची हानी सुरू होते.

रक्तदाब दिवसभर वरखाली होतो, पण मेंदूतला प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. दाब वाढला की मेंदूतल्या छोट्या धमन्या आवळतात, उतरला की सैलावतात. ज्याला वर्षानुवर्षं बीपी आहे आणि औषध नाही, त्याच्या धमन्या चढ्या दाबालाच सरावतात. मग त्याचा दाब एकदम खाली आणला तर इतरांना चालेल असा आकडाही त्याच्या मेंदूला अपुरा पडतो. एके काळी बीपी वाढलेलं दिसलं की जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत आपल्याकडे दवाखान्यांत सर्रास होती. आकडा खाली आला की डॉक्टर खूश, नातेवाईक खूश. मेंदूला मात्र त्या घसरगुंडीतूनही झटका येऊ शकत होता. आता ही पद्धत चुकीची मानली जाते.

मेंदूच्या कोणत्या भागाला कोणती धमनी रक्त देते, हे ठाऊक असलं तर रुग्णाकडे नुसतं पाहूनही बिघाडाची जागा सांगता येते. न्यूरॉलॉजीचं निम्मं वैभव या हेरगिरीत आहे. कॅरोटिडची सगळ्यात मोठी शाखा मधली, मिडल सेरेब्रल. चेहरा, हात आणि डाव्या बाजूला असेल तर भाषा, हा तिचा इलाखा. मेंदूतून निघालेले मज्जातंतू खाली जाताना बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या मेंदूत बिघाड झाला की उजवं अंग लुळं पडतं आणि वाचाही जाते. पुढची धमनी बंद पडली तर पाय जातो, हात त्या मानाने बचावतो. मागची बंद पडली तर डोळे शाबूत असूनही अर्धी नजर नाहीशी होते.

उजव्या मेंदूच्या झटक्यात कधीकधी त्याहून विलक्षण प्रकार होतो. डावी बाजू दिसत असूनही ती आहे हेच रुग्णाच्या गावी नसतं. तो ताटातली उजवीकडची भाजी संपवतो आणि डावीकडची तशीच ठेवून आणखी भाजी मागतो. अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी चळ लागला.

भाषेचा पत्ता डाव्या बाजूचा आहे हेही अशाच एका रुग्णाने दाखवून दिलं. १८६१ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोकापुढे एक माणूस आला. वर्षानुवर्षं त्याच्या तोंडून ‘तां’ एवढंच अक्षर निघायचं, पण समोरच्याचं बोलणं त्याला समजायचं. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली.

सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात दाटीची जागा मात्र मेंदूचा देठ. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, जाग, आणि खाली जाणारे झाडून सगळे मज्जातंतू अंगठ्याएवढ्या जागेतून जातात, आणि त्यांना रक्त देते बेसिलर. ८ डिसेंबर १९९५ रोजी ‘एल’ या फ्रेंच साप्ताहिकाचा ४३ वर्षांचा संपादक जाँ-दोमिनिक बोबी याच्या देठाला झटका आला. काही आठवड्यांनी तो शुद्धीवर आला तेव्हा मन लख्ख जागं होतं आणि हलत होती ती जवळजवळ एकटी डावी पापणी. सहायिका एकेक अक्षर उच्चारायची, हव्या त्या अक्षराला तो पापणी मिटायचा. असं त्याने अख्खं पुस्तक सांगितलं. १९९७ च्या मार्चमध्ये ते प्रसिद्ध झालं आणि काही दिवसांतच तो गेला.

झटक्याचे प्रकार मुळात दोन: धमनी बंद पडणं आणि धमनी फुटणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं होतं, हात गळून पडतो, बोलणं अडखळतं. गावाकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात ते दोन्हींना लागू पडतं. आत घडलेलं मात्र अगदी उलट असतं. एकात रक्त पोचलेलं नसतं, दुसऱ्यात ते नको तिथे सांडलेलं असतं; आणि एकाचं औषध दुसऱ्यात जीव घेऊ शकतं.

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ ही दोन वर्षं एका ठरावीक वस्तीतल्या झटक्यांची पद्धतशीर नोंद ठेवली. त्यात पहिल्यांदा झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के अडथळ्याचे आणि १८ टक्क्यांच्या आसपास रक्तस्रावाचे निघाले. दर दहांतले जवळजवळ तीन जण महिन्याभरात दगावले होते.

अडथळा आणणारी गुठळी पुष्कळदा मेंदूत तयार झालेलीच नसते. ती बाहेरून येते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले की तिथे रक्त रेंगाळतं आणि गोठतं. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या या दोषात झटक्याची शक्यता साधारण पाचपट होते. लहानपणी घसा सुजून सांधे धरले आणि ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप आकसली, तर हा धोका कितीतरी जास्त. तिशी-चाळिशीतल्या बाईला अचानक अर्धांगवायू होतो, त्यामागे आपल्याकडे आजही ही झडप निघते. हृदयातून निघालेली गुठळी महाधमनीतून मानेत आणि तिथून बहुतेक वेळा मधल्या धमनीत जाते, कारण ती कॅरोटिडच्या प्रवाहाच्या जवळजवळ सरळ रेषेत आहे.

दुसरा उगम कॅरोटिडच्या दुभंगाशी. तिथे धमनी किंचित फुगलेली असते, प्रवाह एका कडेला मंदावतो, उलटा फिरतो, आणि नेमकं तिथेच चरबीचं पुट धरतं. पुटाला चीर गेली की त्यावर रक्त गोठतं आणि कण सुटून वर जातात. आज सोनोग्राफीत सहज दिसणारी ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ कुणाच्याच ध्यानात नव्हती. मेंदूचे डॉक्टर मेंदूत पाहत होते. शवविच्छेदनात मान उघडायची रीतच नव्हती. माँट्रियलचा मिलर फिशर दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या नौदलाचा डॉक्टर होता. जहाज बुडाल्यावर त्याने सुमारे साडेतीन वर्षं जर्मन कैदेत काढली. परत आल्यावर अर्धांगवायू झालेल्या एका माजी सैनिकाने त्याला सांगितलं की, झटक्याच्या आधी काही वेळा आपल्या एका डोळ्यापुढे मिनिटभर अंधार यायचा. पण तो डोळा होता उलट बाजूचा, लुळ्या पडलेल्या अंगाच्या विरुद्ध. दुसरा कुणी असता तर म्हातारबाबांचा घोटाळा झाला म्हणून सोडून देता. फिशर विचारात पडला. डाव्या डोळ्याला आणि डाव्या मेंदूला एकच कॅरोटिड रक्त देते. तीच अरुंद झाली असेल तर अंधारी येईल डाव्या डोळ्यापुढे आणि अंग जाईल उजवं. त्याने शवविच्छेदनात माना उघडून पाहायला सुरुवात केली आणि १९५१ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला.

त्या मिनिटभराच्या अंधारीला आज टीआयए म्हणतात: अडथळा येतो आणि आपोआप सुटतो. हात दहा मिनिटं बधिर पडतो, शब्द आठवत नाहीत, मग सगळं पूर्ववत. माणूस चहा पितो आणि कामाला लागतो. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात अशा दर दहांपैकी एकाला ९० दिवसांत पुरा झटका आला, आणि त्यातले निम्मे पहिल्या ४८ तासांत. बरं वाटतंय म्हणून घरी बसण्याचे ते दोन दिवस असतात.

भारतीयांत आणि एकूणच आशियाई लोकांत अरुंदपणा मानेपेक्षा कवटीच्या आतल्या धमन्यांत जास्त दिसतो. शिवाय बीपी आणि मधुमेहाने अगदी सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होऊन त्या जागच्या जागी बंद पडतात, त्याने मसुरीच्या दाण्याएवढे खळगे पडतात. एखादा खळगा कळतही नाही. साठत गेले की चाल मंदावते, विसरभोळेपणा येतो.

रक्त मेंदूतून परत नेणाऱ्या शिराही गोठू शकतात. हा प्रकार विरळा, पण बाळंतिणींत जास्त. बाळंतपणानंतर रक्त तसंच लवकर गोठणारं असतं, त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत. डोकं दुखतं, मग आकडी येते, आणि घरचे बाहेरची बाधा शोधत बसतात.

धमनी बंद पडली की पुढचा सगळा भाग त्याच क्षणी मरत नाही. १९७० च्या दशकात लंडनमध्ये बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांनी हे दाखवलं. मेंदूच्या दर १०० ग्रॅममधून मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त जातं. ते २० च्या खाली गेलं की पेशींचे विद्युत्संदेश थांबतात, पण पेशी जिवंत राहतात. १० च्याही खाली गेलं की त्या मरू लागतात. या दोन आकड्यांमधला पट्टा म्हणजे गप्प झालेला पण वाचू शकणारा मेंदू. आडवाटांनी झिरपणाऱ्या रक्तावर तो काही तास तग धरतो. अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: मोठी धमनी बंद पडल्यावर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन मरतात.

हा पट्टा वाचवण्याचं पहिलं औषध १९९५ मध्ये सिद्ध झालं. टीपीए नावाचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अमेरिकेत ६२४ रुग्णांच्या चाचणीत झटक्यापासून तीन तासांच्या आत दिलं गेलं. ते मिळालेल्यांत तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट होण्याची शक्यता इतरांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. त्याची किंमतही होती. लक्षणं दिसण्याइतका मेंदूतला रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ०.६. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. मग २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीने मांडीतल्या धमनीतून तार घालून गुठळी थेट ओढून काढण्याचा उपाय प्रस्थापित केला. २०१८ पासून, वाचवण्याजोगा भाग उरला आहे असं स्कॅनमध्ये दिसणाऱ्या निवडक रुग्णांत, तो २४ तासांपर्यंत करता येऊ लागला.

अडथळ्याच्या आधी खरं तर रक्तस्रावच वैद्यांना कळला होता. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउजन गावच्या योहान याकोब वेप्फर याने झटक्याने मेलेल्यांची डोकी उघडली आणि मेंदूत सांडलेलं रक्त पाहिलं. मेंदूच्या पोकळ्यांत कफ तुंबल्याने माणूस कोसळतो ही शतकानुशतकांची समजूत त्याच्या १६५८ च्या ग्रंथाने मोडीत काढली.

असं रक्त कुठे सांडतं याचेही ठरलेले पत्ते आहेत. मधली धमनी कॅरोटिडपासून फुटल्यावर लगेचच तिच्यातून केसांसारख्या बारीक शाखा जवळजवळ काटकोनात वर निघतात आणि मेंदूच्या गाभ्यात घुसतात. इतर ठिकाणी धमनी फाटे फुटत फुटत बारीक होते आणि दाबही टप्प्याटप्प्याने उतरतो. या शाखांना ती उसंत नाही. मिलिमीटरहून कमी जाडी, आणि समोर थेट मोठ्या धमनीचा दाब. बीपी चढं राहिलं की त्यांची भिंत काही वर्षांत ठिसूळ होते. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये शार्को आणि बुशार यांनी त्यांच्यावर सूक्ष्म फुगवटे पाहिले. देठात आणि लहान मेंदूतही अशाच थेट शाखा आहेत. लोक ज्याला ब्रेन हॅमरेज म्हणतात ते बहुधा या ठिकाणी होतं. फुटल्यावर रक्त काही तास वाढत जाऊ शकतं. कवटी तसूभरही फैलावत नाही, त्यामुळे तेवढा मेंदू चेपला जातो.

याल्टाची ती प्रसिद्ध छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. फेब्रुवारी १९४५, क्रिमियात शेजारी शेजारी बसलेले चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन. तिघांनाही पुढे झटका आला. रूझवेल्टचा दाब वर्षभरापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून याने तपासला तेव्हा १८६/१०८ होता. नंतर तो २६०/१५० वर गेला. अध्यक्षांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ! १२ एप्रिलला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला चित्रकार त्यांचं चित्र काढत असताना रूझवेल्ट डोक्याच्या मागच्या भागात भयंकर कळ आल्याचं म्हणाले आणि कोसळले. दाब ३००/१९०. काही तासांत सगळं संपलं. हे अगदी अचानक घडलं, कसलीच चाहूल नव्हती, असं मॅकिंटायरनी नंतर सांगितलं. आकडे कागदावर होते.

स्टालिनची कथा १ मार्च १९५३ ची. खोलीत न बोलावता जायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तो तासन् तास जमिनीवर पडून राहिला. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. त्याचा नेहमीचा डॉक्टर विनोग्रादोव्ह त्याच्याच हुकमाने तुरुंगात होता. नव्या डॉक्टरांनी जळवा लावल्या. ५ मार्चला स्टालिन गेला. डाव्या मेंदूत मोठा रक्तस्राव निघाला. चर्चिलला १९४९ मध्ये एक सौम्य झटका येऊन गेला होता. २३ जून १९५३ ला, पंतप्रधान असताना, दुसरा आला. ही बातमी देशापासून लपवली गेली. तो सावरला आणि १९६५ च्या जानेवारीत आणखी एका झटक्याने गेला.

मॅकिंटायरवर खापर फोडणं सोपं आहे, पण त्या काळी चढलेला दाब उतरवणारं सोसवेल असं औषध कुणाकडेच नव्हतं. मीठ कमी करा, आराम करा, झोपेची गोळी घ्या, एवढंच. काही थोर डॉक्टर तर वय वाढलं की दाब वाढायलाच हवा, तो उतरवू नये, असं मानत. १९५० च्या दशकाअखेर लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या आल्या. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. दोनएक वर्षांत बिनऔषधाच्या गटात २७ गंभीर घटना घडल्या, औषधाच्या गटात २. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल क्वचितच लागतो.

रक्तस्रावाचा दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या आत नाही, त्याच्या आवरणाखाली होतो. इथे विलिसचं कडं खलनायक ठरतं. जिथे दोन धमन्या सांधल्या जातात किंवा फाटा फुटतो त्या कोपऱ्यावर प्रवाह आदळत राहतो आणि भिंतीला फुगा येतो. मोठ्या माणसांपैकी दोन-तीन टक्क्यांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांचा कधीच फुटत नाही. ज्याचा फुटतो त्याला आयुष्यात कधी अनुभवलं नाही असं डोकं एका क्षणात दुखतं, मान ताठरते, उलटी होते. हे दुखणं ‘पित्त झालं’ म्हणून आल्याच्या चहावर निभावून नेलं जातं, तेव्हा दुसऱ्यांदा फुटण्याची वेळ जवळ येत असते. मार्च १९३७ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने कवटी उघडून फुग्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली. १९९० च्या सुमारास इटालियन डॉक्टर ग्युलिएल्मी यांनी कवटी न उघडता, धमनीतून प्लॅटिनमची नाजूक तार सोडून फुगा आतून भरायची युक्ती आणली.

फुगा बंद केल्यावरही चौथ्या दिवसापासून दोन आठवडे डॉक्टरांच्या जिवाला घोर असतो. धमनीच्या बाहेर साकळलेलं रक्त तिला डिवचतं, ती आवळते, आणि रक्तस्रावातून वाचलेल्या माणसाला रक्ताच्या तुटवड्याने झटका येतो. उलटही घडतं: गुठळीने मेलेल्या भागात रक्त पुन्हा शिरलं की तिथल्या कुजक्या भिंती फुटतात.

आत रक्त अडलंय की सांडलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणूनच १ ऑक्टोबर १९७१ ही तारीख मोलाची. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. तोपर्यंत अनुभवी डॉक्टरही अंदाजच बांधत. पाठीतून पाणी काढून त्यात रक्त सापडतं का बघत. आज पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो. तो लागेपर्यंत घरच्यांनी करायचं थोडंच असतं. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, यातलं काहीही दिसलं की माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ ध्यानात ठेवायची आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं. ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण आत रक्तस्राव असू शकतो. पाणी पाजायचं नाही, कारण गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि पाणी फुप्फुसात जातं. पारव्याच्या रक्ताने अंग चोळण्याचा उपाय अजून सांगितला जातो; त्यात पारव्याचा जीव जातो आणि रुग्णाचे साडेचार तास.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकाराने ८६ गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: इथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक आहे. ताप नाही, अतिसार नाही. दर सात मृत्यूंमागे एक. झटक्याने गेलेल्यांपैकी बहुतेक सगळे घरीच गेले होते. मृत्यूचं कारण ठरवलं गेलं ते घरच्यांना विचारून: आधी काय झालं, कोणती बाजू गेली, बोलत होते का, किती दिवस जगले. या उत्तरांवरून अर्धांगवायू ओळखता येतो. धमनी फुटली होती की बंद पडली होती, हे त्यातून कळत नाही.